व्याह्यांकडे बर्फातला ख्रिसमस

मुलगी अमेरिकेत, जावई तिथलाच, आणि यंदा व्याह्यांचं आग्रहाचं बोलावणं आलंय: ख्रिसमसला आमच्याकडेच या, सगळं घर जमणार आहे. अशी बोलावणी आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत, सांगली-जळगावच्या घरांतही येतात. बोलावणं आलं की पहिली चर्चा होते थंडीची. कोट कुठे मिळेल, कानटोपी चालेल का, बर्फात बूट कसले घालायचे. थंडीची तयारी हवीच, पण चार पैसे मोजले की तिचा बंदोबस्त होतो. अवघड असतात ते घरातले दिवस. बाहेर उणे पंधरा, दुपारी साडेचारच्या सुमाराला अंधार, घरात बारा-चौदा माणसं, त्यातली निम्मी तुम्हाला पहिल्यांदा भेटणारी, आणि कंटाळा आला म्हणून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यावी तर तीही सोय नाही. या दिवसांचा विचार इथे असतानाच केलेला बरा.

उदाहरणाला अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य घेऊ. ख्रिसमसला जमिनीवर बर्फ असण्याची शक्यता तिथे चांगलीच असते, आणि नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या घराण्यांमुळे सणाच्या रीतीही अजून टिकून आहेत. शिकागो, बफेलो किंवा टोरांटोला निघालेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

तिकिटापासून सुरुवात. मुंबईहून मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतंच. कितीही स्वस्त मिळालं तरी २४ डिसेंबरला पोहोचणारं तिकीट घेऊ नका. २०-२१ तारखेला पोहोचा, म्हणजे एखादं विमान रद्द झालं तरी सण हातचा जात नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन वेगळी तिकिटं जोडून पाच-दहा हजार वाचतात खरे, पण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. अमेरिकेतल्या ज्या विमानतळावर प्रथम उतराल तिथेच इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी होते, तेव्हा तिथे किमान तीन तास हाताशी ठेवा. डिसेंबर २०२२मध्ये ऐन सणाच्या तोंडावर हिमवादळ आलं, हजारो विमानं रद्द झाली आणि माणसांनी विमानतळावरच ख्रिसमस काढला. असं दरवर्षी होत नाही, पण होतं. औषधं, चष्मा, एक जाड स्वेटर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच हवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते मोठ्या बॅगेत टाकूच नये, आणि तिथे पोहोचल्यावर गाडीतही विसरू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही.

प्रवासाचा आरोग्यविमा उतरवताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दलची कलमं दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नका, स्वतः वाचा. रक्तदाब, मधुमेह, बायपास यांबाबत कुठे काय वगळलंय ते तिथेच लिहिलेलं असतं. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी घ्या आणि तीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडची कंपन्यांनी ठेवलेली नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत.

आता कपडे. इथून जाडजूड कोट विकत घेऊन जाऊ नका. आपल्या बाजारात मनालीच्या थंडीचा कोट मिळतो, मिनेसोटाच्या थंडीचा सहसा मिळत नाही. तिथल्या प्रत्येक घरात दाराजवळच्या कपाटात जास्तीचे कोट, बूट, हातमोजे असतातच. मुलीला तुमच्या पावलाचं माप आणि उंची आधी कळवा, निम्मी खरेदी वाचेल. इथून न्यायचे ते अंगालगत घालायचे थर्मल आणि लोकरीचे पायमोजे. सुती बनियन-पायमोजे घामाने ओले होतात आणि मग तेच अंग गार करतात. घरात मात्र वीस-एकवीस अंश तापमान असतं, त्यामुळे चटकन काढता येतील असे दोन-तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. साड्या जरूर न्या, जेवणाच्या दिवशी सगळ्यांना त्यांचं कौतुक असतं. पण साडी नेसून गाडीपर्यंत चालू नका. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, त्यात बर्फाचा राबडा होतो, निऱ्यांचा काठ त्यात भिजतो आणि वाळल्यावर कडक होऊन त्यावर पांढरी रेघ उमटते. पँट किंवा पंजाबी ड्रेस घालून जा, साडी तिथे जाऊन नेसा.

घराच्या दारात बुटांसाठी ताट ठेवलेलं असतं, बूट तिथेच काढायचे. पायमोज्यांवर फरशी गार लागते म्हणून घरातल्या सपाता सोबत ठेवा. हीटरमुळे घरातली हवा अतिशय कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून थोडं रक्तही येतं, दरवाज्याच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. घाबरायचं कारण नाही, पाणी पीत राहायचं आणि अंगाला काहीतरी चोपडायचं. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, तेव्हा बाटली न नेता रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढता येईल.

न्हाणीघराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला मोरी नसते. अंघोळ करताना पडदा टबच्या आत घ्या, नाहीतर खालच्या मजल्याचं छत भिजेल. एक छोटा तांब्या किंवा प्लॅस्टिकची बाटली सोबत असू द्या, वापर झाला की जमीन पुसून घ्या. गरम पाण्याची टाकी ठरावीक मापाची असते. चौदा माणसांच्या घरात वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहिलात तर तुमच्यानंतरचा माणूस गारठतो, आणि सौजन्यापोटी बोलतही नाही.

हिवाळ्यात मिनेसोटा आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येणार. तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवू नका. रात्री झोपतानाच थर्मासमध्ये चहा भरून खोलीत ठेवा, एखादं जाड पुस्तक ठेवा. सकाळी उजेड झाला की कोट घालून दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभे राहा, त्याने झोपेचं घड्याळ लवकर जागेवर येतं. झोपायची सोय बहुधा तळघरात, हवेच्या गादीवर असेल. गुडघे दुखत असतील तर आधीच मोकळेपणाने सांगा, तुम्हाला वरची खोली मिळेल. कुत्र्याची भीती वाटत असेल तर तेही आधीच सांगा. बहुतेक घरांत कुत्रा असतो, आणि तो घरचाच एक माणूस असतो.

जेवणाचा विषय सगळ्यात नाजूक. आम्ही शाकाहारी आहोत एवढं सांगून भागत नाही. मासे खाणारी माणसंही शाकाहारीच असं तिथे बऱ्याच जणांना वाटतं, आणि सूप दिसायला भाज्यांचं असलं तरी त्यात कोंबडीच्या हाडांचं पाणी असू शकतं. पावाचं सारण, ग्रेव्ही, जेलीची सॅलडं, मार्शमेलो यांतही मांसाचा रस्सा किंवा जिलेटिन असू शकतं. अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट करा, कारण ख्रिसमसची बिस्किटं बहुतेक अंड्याची असतात आणि एगनॉग या दूध-अंड्याच्या पेयात तर कधीकधी दारूही असते. हे सगळं मुलीमार्फत, पंधरा दिवस आधी आणि लेखी कळवा. ऐन जेवणाच्या टेबलावर प्रत्येक पदार्थाची चौकशी करत बसलात तर विहीणबाईंना अपराध्यासारखं वाटतं. मांसाहारी असाल तर हॅम असेल, स्वीडिश पद्धतीचे खिम्याचे गोळे असतील, आणि काही घरांत लुटफिस्कही असेल. सुकवलेला कॉड मासा आधी क्षाराच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात अनेक दिवस भिजवतात, तो जेलीसारखा लिबलिबीत होतो, वर वितळलेलं लोणी घालून खातात. एक घास जरूर घ्या. आवडला नाही तर लाजू नका, त्या घरातल्या तरुणांनाही तो बहुधा आवडत नाही.

लेफ्सा मात्र चुकवू नका, आणि तो नुसता खाऊ नका, करायला बसा. उकडलेले बटाटे बारीक गाळून त्यात लोणी, साय आणि मैदा मिसळतात, गोळा गार करतात आणि त्याची भली मोठी पातळ पोळी लाटतात. लाटण्यावर बारीक खाचा असतात आणि वर कापडाची पिशवी चढवलेली असते, म्हणजे पीठ चिकटत नाही. तवा विजेवरचा, हातभर रुंद. पोळी उचलायला लांब चपटी लाकडी पट्टी असते. ती पोळीच्या मधोमध खालून सरकवायची, उचलायची आणि तव्यावर उलगडत टाकायची. पीठ इतकं मऊ असतं की नवख्याकडून हमखास फाटतं. आपल्या बायकांचा पुरणपोळीचा हात असतो, दुसऱ्या-तिसऱ्या पोळीला जमून जातं. तिथल्या आजीबाईंनी लाटणं तुमच्या हातात दिलं की भाषेची अडचण संपली असं समजा. इंग्रजी बेताचं असेल तर दिवाणखान्यात गप्पांना बसण्यापेक्षा या कामाला बसा, असं माझं स्पष्ट मत आहे. लोणी लावून साखर भुरभुरली की गुंडाळी करून खायची. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

एक जेवण आपणही करावं. पण २४-२५ तारखेला नाही, ते दिवस त्यांचे. २६ किंवा २७ला, उरलेल्या हॅमचा सगळ्यांना कंटाळा आला की विचारा. बेत साधा ठेवा. मटार भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि श्रीखंड पुरे. घट्ट ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात बांधून ठेवलं तर चक्क्याची उणीव भासत नाही. फोडणी करण्यापूर्वी चुलीवरचा पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजेल आणि सगळं घर गोळा होईल. आणि एक गोष्ट पुण्यात कधी सुचणार नाही ती: फोडणीआधी सगळ्यांचे लोकरी कोट कपाटात घालून दार लावून घ्या. बंद घरात हिंगाचा वास लोकरीत शिरला की दिवसेंदिवस जात नाही. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, डब्यात गार करून कचऱ्यात टाका.

खाऊ नेताना विमानतळावरच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. पाकीटबंद बाकरवडी, नानकटाई, लाडू यांना सहसा हरकत नसते. मांस, ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊ नका. घरात कोणाला शेंगदाणा किंवा काजूची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा. तिथे हा लाडाचा विषय नाही, जिवाचा असतो. करंज्या नेल्यात तर सोबत हेही सांगा की गोव्यात आणि वसईत ख्रिसमसच्या फराळात त्या असतातच. भारतातही नाताळ होतो, तोही कैक पिढ्यांपासून, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं हे सांगितलंत तर एखादे काका खुर्ची ओढून जवळ येतील.

भेटवस्तूंचा हिशेब आधी समजून घ्या. मोठ्या घरांत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकाच माणसाचं नाव येतं आणि खर्चाची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडू नका. आपल्याकडची हौस म्हणून सगळ्यांना महागाची वस्तू दिलीत तर समोरच्यांना ओशाळं वाटतं. मुलं वगळून बाकीच्यांना रेशमी स्टोल, वारली चित्राची छोटी फ्रेम, चांगला मसाला चहा, एवढं पुष्कळ झालं. वस्तू इथूनच कागदात बांधून नेऊ नका, तपासणीत सोडायला लावू शकतात. तिथे झाडाखाली एकेकाची भेट सगळ्यांसमोर उघडतात आणि बाकीचे बघतात. आपण बाजूला ठेवून नंतर उघडतो, तसं तिथे चालत नाही. लगेच उघडा, देणाऱ्याकडे बघून आभार माना. लहान मुलांसमोर सांताक्लॉजबद्दल खुलासे करू नका. आपल्या आजोबांना सत्य सांगायची फार घाई असते.

चोवीसला संध्याकाळी चर्चला चला म्हणतील. धर्माचा प्रश्न मनात आणू नका, आग्रह नसतो, पाहुणा म्हणूनच नेतात. प्रसादासाठी सगळे पुढे गेले तर तुम्ही जागेवर बसून राहिलात तरी कोणी वळून बघत नाही. शेवटी दिवे मालवतात आणि हातोहात मेणबत्त्या पेटवत नेतात. पेटलेली मेणबत्ती उभीच धरायची, न पेटलेली तिच्याकडे झुकवायची. उलटं केलंत तर मेण शेजारच्याच्या कोटावर सांडतं.

बर्फाशी संबंध येतो तो अंगणात. बर्फ पडला की व्याही फावडं घेऊन बाहेर पडणार, आणि आपले गृहस्थ कोट चढवून मदतीला धावणार. त्यांना थांबवा. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात ओला बर्फ उचलण्याचा हातांवर येणारा ताण. साठीच्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका यायला एवढं पुरतं. डॉक्टर दर हिवाळ्यात याची सूचना देतात. मदतच करायची तर भांडी घासा. बाहेर चालताना हात खिशात घालू नका, पावलं छोटी टाका, पुढच्या पायावर भार ठेवा. काळसर ओला दिसणारा रस्ता खरं तर गोठलेला असू शकतो. कानाची पाळी, नाक, बोटं बधिर होऊन पांढुरकी पडली तर लगेच आत या. चोळू नका, शेगडीजवळ धरू नका, कोमट पाण्यात ठेवा, आणि बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. गोठलेल्या तळ्यावर यजमानांच्या सांगण्याशिवाय पाऊल ठेवू नका. चालण्यासाठी स्वच्छ, नवा बर्फ किमान चार इंच जाड हवा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं.

रस्त्याने दुसऱ्या नातेवाइकांकडे जायचं असेल, समजा मिनिआपोलिसहून डुलुथला, तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, एरवी अडीच तास. बर्फात चार लागतील किंवा जाणंच रद्द होईल. निघायचं की नाही हा निर्णय गाडी चालवणाऱ्यावर सोडा. जेवण वाया जाईल, ते वाट बघत असतील, असली भर घालू नका. रस्त्यांची स्थिती तिथे ५११ या क्रमांकावर कळते. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या पुढे जाण्याची घाई करू नये. गाडीत ब्लँकेटं, पाणी, खाऊ, फावडं आणि चार्ज केलेला फोन हवा. लहान मुलाला गाडीच्या खुर्चीत बांधताना फुगीर कोट काढा, पट्टे बांधा, कोट वरून पांघरा. कोटावरून पट्टा सैल बसतो. गाडी अडकली तर उतरून चालू लागू नका. गाडीतच थांबा, धूर सोडणाऱ्या नळीपुढचा बर्फ काढा, तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा आणि काच किंचित उघडी ठेवा. नळी बर्फाने बुजली तर विषारी वायू आत भरतो. २०२२च्या वादळात एकट्या बफेलो परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही अडकलेल्या गाड्यांमध्ये सापडली.

बाकी माणसं आपल्या अंदाजापेक्षा ओळखीची निघतात. मिनेसोटाची वडीलधारी मंडळी पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणतात, दुसऱ्यांदा कशाला त्रास म्हणतात आणि तिसऱ्यांदा थोडं चालेल म्हणतात. त्यांच्याशी आपला आग्रह बरोबर जुळतो. तरुण मंडळी मात्र एकदाच विचारतात, तेव्हा भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. निरोपाचंही तसंच. निघतो म्हटल्यावर दारात अर्धा तास गप्पा होतात, कोट घालून पुन्हा पंधरा मिनिटं, गाडीपाशी आणखी थोडा वेळ. मिनेसोटा गुडबाय म्हणून ते लोक स्वतःच त्याची थट्टा करतात. फक्त कोट शेवटी घाला, आत घामाघूम व्हाल.

परत आल्यावर आठवड्याभरात स्वतःच्या हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवरचे फुलांचे फोटो त्याच्या जागी चालत नाहीत. आणि त्यांना आपल्याकडे बोलवाल तेव्हा डिसेंबर-जानेवारीचंच बोलवा. मे महिन्यात आंबे असतात हे खरं, पण मिनेसोटाच्या माणसाला विदर्भाचा उन्हाळा दाखवू नका. आंब्याचा रस डब्यातलाही मिळतो.